तीन उत्तरांची वजाबाकी

वजाबाकी आकड्यांची असते, असं आपल्याला शाळेत शिकवतात. संसारात पडल्यावर कळतं की आकड्यांची वजाबाकी त्यातल्या त्यात सोपी. खरी अवघड ती याद्यांची. दिवाळीला आठ दिवस राहिले की आमची सौ. कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात बसते. आधी फराळाला लागणारं सगळं सामान ओळीने लिहून काढते. मग उठून एकेक डबा उघडते आणि जे घरात आहे त्यावर काट मारते. उरेल ते वाण्याकडे. लग्नघरातही तेच. एकूण आप्तेष्टांच्या यादीतून पत्रिका पोचलेल्यांची यादी वजा करायची आणि उरलेल्यांच्या घरी धावत सुटायचं. चारशेतून तीनशे ऐंशी गेले तर वीस उरतात, हे मुलीच्या बापाला कोणी सांगायला नको. पण ते वीस कोण, हे त्याला कोणतंच अंकगणित सांगत नाही. आणि त्या विसांत नेमक्या आत्याबाई असतात.

माझी पुतणी संख्याशास्त्रात एम. एस्सी. करते. ती म्हणते, संख्याशास्त्रज्ञांचा निम्मा जन्म या असल्या वजाबाकीतच जातो. पाठवलेल्या फॉर्मांतून भरून आलेले फॉर्म वजा करा, नोंदवलेल्या रोग्यांतून औषध मधेच सोडलेले रोगी वजा करा, एका पुस्तकातल्या सगळ्या शब्दांतून 'आणि', 'पण', 'तर' असले शब्द वजा करा. तुम्हाआम्हाला यातलं शेवटचं काम वेडेपणाचं वाटेल, पण त्यावर माणसं डॉक्टरेट मिळवतात म्हणे.

या कामासाठी ती संगणकाची जी भाषा वापरते, तिचं नाव 'आर'. नुसतं एक अक्षर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती रचली. दोघांच्याही नावाचं आद्याक्षर आर. शिवाय अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून 'एस' नावाची एक भाषा घडवत आणली होती, तिच्याच वळणावर ही बेतलेली. तेव्हा शेजारचंच अक्षर घेण्यात थोडा खट्याळपणाही होताच. पहिली पक्की आवृत्ती त्यांनी २९ फेब्रुवारी २००० या दिवशी काढली, म्हणजे वाढदिवस साजरे करण्याच्या खर्चातही काटकसर. भाषा संपूर्ण फुकट. कोणीही घ्यावी, कोणीही वापरावी. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला फुकट म्हटलं की संशयच येतो. पण ती गोष्ट वेगळी.

एरवी हे सारं माझ्या एका कानाने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडलं असतं. परंतु गेल्या वर्षी आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट निघालं, आणि आमच्या चाळीला या 'आर'ची पायरी चढावी लागली.

आमची चाळ गिरगावातली. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चोवीस खोल्या, म्हणजे एकूण ९६. ती पाडून तिथे टॉवर उभा करायचा, तर राहणाऱ्यांची लेखी संमती गोळा करावी लागते. आमचे चिटणीस उत्साही गृहस्थ. दोन महिने ते जिने चढत-उतरत होते. संमतिपत्रं आली ७१. एका रविवारच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, की ज्यांची संमती अजून आलेली नाही त्यांची नावं जिन्याखालच्या फळ्यावर लावण्यात येतील.

फळ्यावर नाव लागणं ही काय चीज आहे, हे चाळीत राहिलेल्या माणसालाच कळेल. एकदा कोणाचं तरी भाडं थकलं म्हणून नाव लागलं होतं. भाडं दुसऱ्या दिवशी भरलं गेलं, नाव पुसलं गेलं, पण त्या बिऱ्हाडातल्या बाई पुढे कित्येक दिवस पाणी भरायला सगळ्यांच्या आधी, अंधारातच येत. आणि इथे तर प्रश्न थकलेल्या भाड्याचा नव्हता. 'यांच्यामुळे अडलंय' असं सगळी चाळ ज्यांच्याकडे बोट करून म्हणणार, त्यांची ती यादी होणार होती.

चिटणिसांनी आपल्या वहीत खुणा करून उरलेली नावं काढली होती. मी मोजली. चोवीस भरली.

"चिटणीस," मी म्हटलं, "शहाण्णवातून एकाहत्तर गेले की पंचवीस राहतात."

"अहो, एखादं इकडेतिकडे व्हायचंच."

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसासमोर हे वाक्य उच्चारू नये. एक रुपयाचा फरक लागला म्हणून आम्ही रात्री साडेनऊपर्यंत दिवे जाळून बसलेले आहोत. रुपयासाठी नव्हे, तो तर कोणीही खिशातून टाकला असता. एकाचा फरक हा कधीच एकाचा नसतो. एका बाजूला सात हजारांची चूक आणि दुसऱ्या बाजूला सहा हजार नऊशे नव्व्याण्णवांची, असे दोन चोर एकमेकांच्या आडोशाला उभे असू शकतात. म्हणून मी खजिनदाराच्या अधिकारात फळ्यावरची यादी थांबवली आणि पुतणीला बोलावणं पाठवलं.

ती आली तेव्हा दोन्ही याद्या संगणकात तयार होत्या. चाळीची मूळ यादी मालकांच्या मेहतांनी फार वर्षांपूर्वी टाइप करवून घेतलेली, आणि संमती देणाऱ्यांची यादी दुसऱ्या मजल्यावरच्या एका कॉलेजकुमाराने आपल्या फोनवर ठोकलेली.

"आधी नवशिके काय करतात ते दाखवते, काका," ती म्हणाली. नवशिका संगणकाला सांगतो, 'पहिल्या यादीतली जी नावं दुसऱ्या यादीतल्या नावांसारखी नाहीत ती दे.' वाक्य तुमच्याआमच्या कानांना अगदी शुद्ध वाटतं. संगणक मात्र त्याचा अर्थ शाळेतल्या कवायतीसारखा घेतो. पहिल्या रांगेतला पहिला आणि दुसऱ्या रांगेतला पहिला, दुसऱ्यासमोर दुसरा, तिसऱ्यासमोर तिसरा, अशा जोड्या लावून तो समोरासमोरच्या दोघांनाच विचारतो, 'तुम्ही एकच का?' आपलं नाव चार माणसं पलीकडे उभं असेल, तर तो मान वळवून बघत नाही. बरं, दुसरी रांग एकाहत्तरावर संपली, तर बहात्तराव्या माणसासमोर तो पुन्हा पहिल्यालाच आणून उभा करतो. शहाण्णवांत एकाहत्तरांचे पूर्ण भाग जात नाहीत, म्हणून निदान थोडी कुरकुर तरी केली. अठ्ठेचाळीस असते, तर बरोबर दोन फेऱ्या झाल्या असत्या आणि चुकीचं उत्तर मुकाट्याने, हसतमुखाने हातात पडलं असतं. तसे हसतमुख कारकून मी पाहिलेले आहेत.

दुसरा एक सापळा तिने दाखवला, तो मला जास्त भयंकर वाटला. यात, कोणाकोणाला काढायचं त्यांचे क्रमांक आधी शोधायचे आणि मग 'हे क्रमांक उणे' असं सांगायचं. एरवी ही युक्ती बिनबोभाट चालते. पण काढण्यासारखं कोणीच सापडलं नाही तर? आपण म्हणू, मग सगळे राहतील. तर तसं नाही. शून्य क्रमांकांना उणे लावलं तरी ते शून्यच क्रमांक, आणि शून्य क्रमांकांची माणसं द्या म्हटलं की तो एकही माणूस देत नाही. ज्या दिवशी कोणालाच वगळायचं नसतं, नेमक्या त्या दिवशी सगळेच्या सगळे वगळले जातात! मला उगाचच आमच्या एका जुन्या साहेबांची आठवण झाली.

खरा रस्ता साधा आहे. मूळ यादीतल्या एकेकाला उभं करून विचारायचं, 'तू त्या दुसऱ्या यादीत कुठेही आहेस का?' 'आर'मध्ये टक्क्याच्या दोन खुणांच्या मधोमध 'इन' लिहिलं की हा प्रश्न होतो. ज्यांचं उत्तर 'नाही' त्यांना ठेवायचं. याचाच 'सेटडिफ' नावाचा एक भाऊ आहे. तो हेच काम करतो, पण जाता जाता दोनदा आलेली नावं एकदाच ठेवतो. शाळेत संच शिकलेल्यांनी दोन संचांतला फरक म्हणून जे काढलं असेल, तेच हे.

पुतणीने कळ दाबली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं. उरलेली नावं तीस.

म्हणजे एका वजाबाकीची आता तीन उत्तरं झाली. अंकगणित म्हणत होतं पंचवीस, चिटणिसांची वही म्हणत होती चोवीस आणि संगणक म्हणत होता तीस. चिटणीस मनातून सुखावले. "बघा," ते म्हणाले, "माझं यंत्रापेक्षा बरं आहे."

"आता उलट करते," पुतणी म्हणाली. बेरीज कुठूनही केली तरी तीच येते. वजाबाकीचं तसं नसतं. चाळीतून संमती वजा करणं वेगळं आणि संमतीतून चाळ वजा करणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराचं उत्तर शून्य यायला हवं, कारण चाळीत न राहणारा माणूस चाळ पाडायला संमती देईलच कशाला? उत्तर आलं सहा. सहा माणसांनी सह्या केल्या होत्या, आणि ती सहाही माणसं मालकांच्या यादीप्रमाणे चाळीत राहतच नव्हती!

या सहांतलं पहिलं नाव होतं तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. पंच्याऐंशी वर्षांच्या या आजींनी सगळ्यांच्या आधी सही केलेली. चिटणिसांना बसवून हातावर बेसनाचा लाडू ठेवलेला. त्या संगणकाच्या लेखी चाळीत नव्हत्या, आणि चाळीतल्या ज्या आजी होत्या त्यांनी संमती दिलेली नव्हती. फळा लागला असता तर त्यांचं नाव वर असतं. दोन्ही नावं मी चष्मा पुसून पुसून ताडून पाहिली. काना-मात्रेचाही फरक नाही. शेवटी पुतणीने कोडं उलगडलं. आजींचं आडनाव सांगत नाही, पण त्यात कऱ्हाडातला किंवा बिऱ्हाडातला 'ऱ्ह' येतो. हे आपलं खास मराठी अर्धं अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकदा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, आणि एकदा साध्या 'र'चा पाय मोडून त्याच्यापुढे न दिसणारा एक सांधा ठेवायचा. कागदावर दोन्ही अगदी एक. संगणक मात्र अक्षराचा चेहरा पाहत नाही, त्याच्या पोटातले आकडे पाहतो. आणि ते आकडे वेगळे. मेहतांच्या टंकलेखकाने एक रीत वापरली होती, कॉलेजकुमाराच्या फोनने दुसरी.

बाकीच्यांचं कमीअधिक असंच. एकाच्या नावापुढे बोट लागून एक रिकामी जागा पडली होती. एक जण एका ठिकाणी कुलकर्णी होते, दुसऱ्या ठिकाणी कुळकर्णी. एकांचं संपूर्ण नाव होतं तिथे इकडे नुसती आद्याक्षरं. शाळेतल्या एक बाई यादीत माहेरच्या नावाने होत्या, सही सासरच्या नावाने. सहावी सही मुलाची होती आणि यादीत वडील. वडील १९९८ सालीच गेले, पण भाडेपावती अजून त्यांच्या नावाने निघते. मुलगा आता साठीला आला. तो मला हळूच म्हणाला, "काका, पावती बदलायला गेलो असतो, पण दर महिन्याला दादांचं नाव छापून येतं ना, ते बरं वाटतं." अशा माणसांना कोणत्या यादीत घालायचं?

तुम्ही म्हणाल, मग संगणकाला थोडं सैल सोडावं. नाव तंतोतंत जुळलं नाही तरी साधारण सारखं असलं की तोच माणूस धरावा. मीही तेच म्हटलं. तेव्हा पुतणीने मला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याची हकीकत सांगितली. तिथे शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना मताचा हक्क नव्हता. म्हणून २००० सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी मतदारांच्या यादीतून गुन्हेगारांची यादी वजा करायचं ठरलं. कोणी गुन्हेगार निसटू नये म्हणून नावं सैलपणाने जुळवली. साधारण सारखं नाव असलं तरी धरलं. परिणाम असा, की ज्यांनी कधी कोणाच्या झाडाचं पानही तोडलं नव्हतं, अशी माणसंसुद्धा केवळ नावाच्या सारखेपणापायी गुन्हेगार ठरली. त्यांतली कित्येक मतदानाच्या दिवशी हात हलवत परत आली. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने २००१ साली त्याची चौकशी करून अहवाल दिला. त्या राज्याचा निकाल, आणि त्यावरून साऱ्या देशाचा निकाल, लागला होता ५३७ मतांनी. घट्ट धरलं तर आमच्या आजी जातात, सैल सोडलं तर तिकडचा कोणी भला माणूस जातो. किती घट्ट आणि किती सैल, हे संगणक सांगत नाही. ते आपणच त्याला सांगायचं असतं, आणि सांगताना बोलणी कोण खाणार हेही ठरवून ठेवायचं असतं.

सहा माणसं परत चाळीत आणली. तिसातून सहा गेले. उरले चोवीस.

"आलं की नाही?" चिटणीस म्हणाले. "माझं बरोबर होतं."

"अंकगणित पंचवीस म्हणतंय."

"काका, एकाने असं काय होतं?" या वेळी पुतणीही कंटाळली होती. रात्रीचे साडेदहा झाले होते, सौ.ने दुसऱ्यांदा चहा केला होता.

मी म्हटलं, "चिटणिसांची वही आणि तुझं यंत्र दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकच चूक केली असेल, तर ती चूक माणसाची नाही, यंत्राचीही नाही. ती यादीतच आहे. एकच नाव दोनदा आलंय का, ते बघ."

तिने संगणकाला विचारलं. एक नाव दोनदा होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आहेत. सभेत पहिलं भाषण त्यांचं आणि शेवटचंही त्यांचंच. त्यांचं जे नाव आणि आडनाव, तेच तळमजल्यावरच्या एका गृहस्थांचं. वडिलांची नावं वेगळी, पण मेहतांनी जागा वाचवण्यासाठी सगळ्यांच्याच वडिलांची नावं गाळून टाकली होती. तळमजल्यावरचे हे गृहस्थ एका छापखान्यात कंपोझिटर होते. आयुष्यभर शिशाचे खिळे जुळवले. आता शिशाचा छापखानाही राहिला नाही आणि नोकरीही. सभेला येतात, मागे भिंतीला टेकून उभे राहतात, कधी बोलत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सही केली. संगणकाने दोघांना विचारलं, 'तुझं नाव त्या यादीत आहे का?' दोघांचंही होतं. त्याने दोघांनाही काढलं. चिटणिसांनीही वहीत ते नाव दिसेल तिथे खूण केली होती.

पंचविसावा माणूस तो होता. फळा लागला असता तरी त्याचं नाव तिथे नसतं, आणि लोक म्हणाले असते, सुटला बिचारा. मला त्याउलट वाटलं. आजींचं नाव चुकून लागलं असतं तर त्या तरातरा जिना उतरून आल्या असत्या आणि चिटणिसांची त्यांनी चांगली हजेरी घेतली असती. चुकीने आत आलेला माणूस ओरडतो. चुकीने बाहेर गेलेल्याला तो गेल्याचं कळतच नाही. आणि तो न बोलणारा असला तर इतरांनाही.

मग आम्ही नावांचा नादच सोडला. प्रत्येक संमतिपत्रावर हाताने खोलीचा आकडा लिहिलेला होता. कॉलेजकुमाराने तो टाइप करायचा कंटाळा केला होता एवढंच. जाजमावर एकाहत्तर कागद पसरले. चिटणीस आकडे वाचत गेले, मी तपासत गेलो, पुतणी घालत गेली. नाव दोघांचं एक असेल, खोली दोघांची एक नाही. या वेळी खोल्यांतून खोल्या वजा केल्या. पंचवीस आले. उलट वजा केलं तर शून्य. ताळा जमला तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर इतकी गाढ झोप मला त्या रात्री पहिल्यांदा लागली.

फळा लावायचा नाही, पंचवीस जणांकडे जाऊन बोलायचं, असं दुसऱ्या दिवशी ठरलं. मतं घेतली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अर्थातच भाषण केलं.

पहिल्यांदा आम्ही तळमजल्यावर गेलो. त्यांनी आम्हाला कॉटवर बसवलं, स्वतः स्टुलावर बसले. चिटणिसांनी घसा साफ करून संमतिपत्र पुढे केलं. ते त्यांनी घेतलं, पण वाचलं नाही.

"दोन महिने मी रोज दार उघडं ठेवून बसत होतो," ते म्हणाले. "शेजारच्या खोलीत आलात, समोरच्या खोलीत आलात. मला वाटलं, माझं न विचारताच ठरलं असेल."

मग त्यांनी उशीखालून एक कागद काढला. त्यावर बारीक, छापल्यासारख्या अक्षरात अकरा प्रश्न लिहिलेले होते. मधल्या काळात राहायचं कुठे, त्याचं भाडं कोण देणार, बिल्डरने काम अर्धवट सोडलं तर काय, पत्नी अंथरुणाला खिळलेली आहे तिला हलवायचं कसं. अकरांपैकी चारांची उत्तरं चिटणिसांना देता आली. सातांसाठी ते वकिलाकडे गेले.

हे लिहीपर्यंत तळमजल्यावरची सही झालेली नाही. चिटणीस दर रविवारी तिकडे चहाला जातात.